अस्तरावरचं नाव

अजमानच्या नव्या सनायात, टायरच्या दुकानाला लागून,
माझं बारा सुयांचं यंत्र.
मी नावं भरतो.
पहारेकऱ्यांची, नर्सांची, शाळेच्या बसमधल्या बायांची,
एकदा एका घोड्याचंही, मखमली झुलीवर.
नावाला चार दिरहम, अक्षरं कितीही असोत,
त्यामुळे श्रीलंकेची माणसं फायद्यात राहतात.

ती आली ऑगस्टमध्ये, दुपारची बांग संपता संपता,
बाहेर हवा ओल्या घोंगड्यासारखी.
हातात हॉटेलचा निळा कोट. खिशावर आधीच नाव: रूबी.
म्हणाली, ते राहू दे,
पाहुण्यांच्या जिभेला सोपं म्हणून साहेबानं दिलंय.
मला आतून हवं. अस्तरावर, डावीकडे,
कुणी वाचणार नाही तिथं.
काय लिहू?
रुडो.

मला ऐकू आलं: रडो.
हात दोऱ्यावरच थांबला.
असं कुणी लेकीच्या कपाळी लिहितं?
तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश.
झिंबाब्वेतला ‘ड’, श्वास आत ओढून म्हणायचा,
तहानेला पहिला घोट घ्यावा तसा.
मी तीनदा चुकलो. माझा ड बाहेरच पडत राहिला,
मागावरच्या धोट्यासारखा, खट्ट.
अर्थ?
प्रेम, ती म्हणाली,
कुणी कांद्याचा भाव सांगावा तसं.

मग थोरल्या बहिणीचं सांगितलं. मुचानेता.
म्हणजे, थकाल तुम्ही.
सासरचे आईला धड बसू देत नव्हते.
आई भांडली नाही.
लेकीला हाका मारत राहिली,
अंगणातून, विहिरीवरून, सासूच्या दारासमोरून,
दिवसातून वीसदा:
थकाल तुम्ही! जेवायला ये! थकाल तुम्ही!
‘मग? थकले?’
‘सहा वर्षं लागली. नंतर मी झाले.’

यंत्र सुरू केलं. चार अक्षरं, सहाशे टाके, लाल दोरा.
इचलकरंजीत तारदाळकर मास्तरांच्या तासाला
मी कायम खिडकीबाहेर.
पण सुईच्या त्या ठेक्यावर
आज्ञार्थाची रूपं एकेक येऊन बसली:
घडो. जडो.
हरवलेलं सापडो.
काही न बिघडो.
आवडो.
आपल्यात दुसऱ्यासाठी काही मागायचं
तर क्रियापद शेवटी तोंड उघडतं, ओ करतं.
तिच्या नावाची जेवढी यमकं सापडली
तेवढी सगळी मागणी निघाली.
रडोसुद्धा.
मयताच्या घरी जुन्या बाया म्हणायच्याच की,
अडवू नका गं तिला, रडो, मोकळी होवो.

हे मी तिला सांगायला गेलो, मोडक्या हिंदीत,
त्याहून मोडक्या इंग्रजीत.
तिला किती कळलं कोण जाणे.
म्हणाली, आणि तुझं?
वर पाटी: किरण एम्ब्रॉयडरी.
तेरा वर्षं सगळे किरणभाईच म्हणतात.
मी बताका काढून पुढे ठेवला. केरबा.
माझ्याआधी दोन गेली होती.
म्हणून मला जन्मल्याबरोबर केरावर ठेवलं
आणि केरातूनच उचललं,
की बघणाऱ्यानं म्हणावं, हा तर कचरा, हा कशाला न्यायचा.
ती हसली नाही.
‘म्हणजे तुझी आईपण शेजाऱ्यांशी नावातून बोलायची.’
शेजाऱ्यांशी नाही, म्हटलं. यमाशी.
‘यमक काय याला?’
शोधलं. नाही सापडलं.

चार दिरहम मोजून दिले तिनं, चिल्लर.
कोट तिथंच घातला, बटणं लावली,
आणि रूबी रस्ता ओलांडून बसला गेली.

चाचणीसाठी भरलेली चिंधी खिळ्यावर अडकवून ठेवलीय.
पोऱ्यानं दोनदा तेल पुसायला घेतली, दोनदा ओरडलो.
थंडीचा कोट घेऊन येईन म्हणालीय.
तोवर कडक चहाचा घोट घेताना
तो ड आत ओढून बघतो.
घडो म्हणतो, जडो म्हणतो.
ठसका लागतो.